अकरावीत पाच एपी: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर मध्य न्यू जर्सीतलं. आई-बाबा दोघंही आयटीत, बाबा मूळचे सांगलीचे, आई नाशिकची. मुलगी तेव्हा दहावीत होती, धाकटा भाऊ सातवीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे ‘ताई’ म्हटलं आहे, कारण भाऊ तिला तेच म्हणतो.

मी आठवडाभर दुसऱ्या एका गावच्या हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि रविवारी मराठी शाळेत वर्ग घेते. ताई त्या वर्गात पाच वर्षं होती. मोठी झाल्यावर लहानग्यांना बाराखडी गिरवून घ्यायला मदतीला यायची. मला मावशी म्हणते. त्यामुळे या प्रकरणात मी त्रयस्थ नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडंसं. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकायचा, मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्याची परीक्षा द्यायची. गुण १ ते ५, निकाल जुलैत. ही झाली बोर्डाची परीक्षा. शाळा त्याच विषयाची वर्षभराची ग्रेड वेगळी देते, आणि कॉलेजच्या अर्जासोबत जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर असते ती ही शाळेची ग्रेड. तिच्यात प्रत्येक क्विझ, लॅब रिपोर्ट, निबंध धरलेला असतो. भारतातून आलेल्या आपल्यासारख्या पालकांची गल्लत इथेच होते.

प्रश्न कसा उभा राहिला

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचा कोर्स निवडीचा फॉर्म आला. अकरावी, म्हणजे इथलं ज्युनियर इयर, हे सगळ्यात जड वर्ष समजतात, कारण अर्जात दिसणारं ते शेवटचं पूर्ण वर्ष असतं. दहावीत ताईचा एक एपी सुरू होता, कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स, आणि तो छान चालला होता. अकरावीसाठी तिने पाच लिहिले: कॅल्क्युलस बीसी, केमिस्ट्री, यूएस हिस्टरी (याला मुलं ‘अपुश’ म्हणतात), इंग्लिश लँग्वेज आणि कॉम्प्युटर सायन्स ए. शिवाय स्पॅनिश, जिम आणि बँड.

बँड म्हणजे मार्चिंग बँड. ताई क्लॅरिनेट वाजवते. ऑगस्टमध्ये बँड कॅम्प, मग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, शुक्रवारी फुटबॉलचा सामना, शनिवारी स्पर्धा. आठवड्याचे चौदा तास. फॉर्मवर मात्र बँड ही एक ओळ असते, जिमसारखीच.

शाळेची काउन्सेलर म्हणाली, चार पुरे. तिच्याकडे दोनशेच्या वर मुलं, भेट वीस मिनिटांची. आईला चार पटत होते. बाबांना पाच हवे होते. ताईला स्वतःला काय हवं होतं, हे त्या महिन्यात कुणी नीट विचारलंच नाही. मीही नाही.

फेब्रुवारीतले पर्याय

त्या रविवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. तीन पर्याय होते. पाचही घ्यायचे. चार घ्यायचे आणि कॉम्प्युटर सायन्स बारावीला ढकलायचं. किंवा तीन एपी आणि बाकी ऑनर्स, म्हणजे मधली पातळी.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. “आम्ही बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश आणि वर बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स, सगळं एकदम केलंच ना? पाच विषयांचं काय एवढं?”

यात तथ्य नव्हतं असं नाही. त्यांनी कष्टाने केलं होतं. पण बारावीत वर्षभर जे काही घडतं ते फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेत एकदाच मोजलं जातं. सप्टेंबरात गडबडलेला मुलगा जानेवारीत रात्रीचा दिवस करून भरून काढू शकतो. इथे सप्टेंबरातली गडबड पहिल्या सत्राच्या ग्रेडमध्ये पक्की होऊन बसते. हे मी त्या दिवशी सांगितलं, पण भीत भीत.

बाबांचा दुसरा मुद्दा कुठेतरी ऐकलेला होता: नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसने आपल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली आणि पाच हा आकडा काढला. हे खरं आहे. कॉलेज-पातळीचे कोर्स पाचापर्यंत वाढत गेले तशी मुलांची पहिल्या वर्षाची कामगिरी सुधारत गेली, पाचाच्या पुढे तसा फायदा दिसला नाही. पण ते पाच संपूर्ण हायस्कूलमधले होते, चार वर्षांत मिळून. बाबांनी ते एका वर्षातले समजले होते. ही चूक मी बऱ्याच घरांत ऐकली आहे.

तिसरा मुद्दा बर्कलीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, मोजताना एपीला जादा गुण धरतं, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टर, तेही दहावी-अकरावीतले. ताईचा दहावीतला एक एपी म्हणजे दोन सेमिस्टर. अकरावीत तीन एपी घेतले की सहा. झाले आठ. चौथ्या-पाचव्या एपीचा त्या हिशेबात एकही जादा गुण नाही. कोर्स किती अवघड घेतले हे ते वेगळं पाहतातच, पण ‘जितके जास्त तितका जीपीए वर’ हे तिथे लागू नाही. हे कागदावर मांडल्यावर बाबा थोडे गप्प झाले.

आणि साधं गणित ताईच्याच शाळेचं होतं. एपीमध्ये ए ग्रेड म्हणजे ५.०, ऑनर्समध्ये ए म्हणजे ४.५, एपीमध्ये बी म्हणजे ४.०. एपीतल्या बीपेक्षा ऑनर्सचा ए वजनाला भारी.

एवढं सगळं मांडून झाल्यावर बाबांनी विचारलं, “मग तुमच्या मते किती?” मी म्हणाले, “चार बरे.” आकड्याच्या प्रश्नाला मी आकड्यानेच उत्तर दिलं. आठवड्याचे तास किती, कुठल्या विषयाचं काम कुठल्या दिवशी येऊन पडतं, बँडच्या रात्री काय करणार, यातलं काहीही मी विचारलं नाही. पंधरा वर्षं शिकवूनही.

शेवटी ताई म्हणाली, “मी करू शकते पाच.” तिच्या मैत्रिणी पाच घेत होत्या, एक तर सहा. जूनमध्ये पाच पक्के झाले.

ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ द्यायला मी गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांच्याकडे गेले. ताई नुकतीच सरावाहून आली होती, बँडचे बूटही काढले नव्हते. टेबलावर अपुशचा डीबीक्यूचा गठ्ठा होता. डीबीक्यू म्हणजे सात ऐतिहासिक कागदपत्रं देतात, ती वाचून त्यांच्या आधारे युक्तिवाद लिहायचा. तिसऱ्या कागदापर्यंत पिवळ्या हायलायटरच्या रेघा सरळ होत्या. चौथ्यावर रेघ अर्ध्या ओळीत थांबली होती आणि तिथे रुपयाएवढा पिवळा डाग पसरला होता. पेन तिथेच टेकून ती झोपली होती. आदल्या रात्री, आई म्हणाली.

“उचलून टाकते म्हटलं तर उठली आणि रडली. म्हणाली, वाचायचंय मला, नुसतं रंगवायचं नाहीये.”

शाळेच्या पोर्टलवर ग्रेड रोज दिसतात, आणि बाबा ते रोज पाहत होते. केमिस्ट्री बी, अपुश बी वजा, कॅल्क्युलस ए वजा, इंग्लिश लँग्वेज (‘लँग’) बी अधिक, कॉम्प्युटर सायन्स ए. मधल्या काळात पीएसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या एसएटीची पूर्वपरीक्षा, तीही होऊन गेली होती. ताईला आणखी एक काळजी होती ती नंतर कळली: रविवारी मराठी शाळेत यायला जमणार नाही हे मला कसं सांगायचं.

मी ताईला एकच काम दिलं. पुढचे दहा दिवस, कुठल्या विषयाला किती मिनिटं आणि झोप किती, फक्त लिहून ठेव. काही बदलू नकोस.

त्या वहीतून आलेलं चित्र असं: आठवड्याला अपुश आठ तास, केमिस्ट्री साडेपाच, कॅल्क्युलस साडेचार, लँग चार, स्पॅनिश दीड, कॉम्प्युटर सायन्स दोनपेक्षा कमी. झोप सरासरी पाच तास चाळीस मिनिटं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तिच्या शाळेची पहिली घंटा साडेसातची.

बेरजेपेक्षा मला जास्त शिकवलं ते बुधवारच्या पानाने. केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट गुरुवारी द्यायचा असायचा. अपुशची वाचन-क्विझही गुरुवारी. मंगळवारी सराव, म्हणून मंगळवारी काही होत नसे. लँगचा निबंध शुक्रवारी, आणि गुरुवारी पुन्हा सराव, म्हणून तोही बुधवारीच संपवायचा. तीन विषय, एक रात्र. आठवड्यात सोमवार बऱ्यापैकी मोकळा होता, रविवार दुपारही. तास एकूण जास्त होतेच, पण ते पसरलेले नव्हते, ढिगाने पडत होते.

दुसऱ्यांदा निर्णय

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथल्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं, त्यासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात. त्या सुट्टीत आम्ही पुन्हा बसलो. दोन मुदती समोर होत्या. पातळी बदलायची असेल तर पहिलं सत्र संपेपर्यंतच, म्हणजे पुढच्या आठवड्यात. आणि एपी परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. प्रत्येक परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास पडतात, आणि नोंदवून मग रद्द केली तर चाळीस डॉलर दंड.

पहिली सूचना सगळ्यांकडून एकच आली, काउन्सेलरकडूनही: कॉम्प्युटर सायन्स सोडा. ऐच्छिक विषय, बारावीत घेता येईल. ऐकायला शहाणपणाचं. पण वही समोर होती. तो विषय सोडून आठवड्याचे दोन तासही सुटत नव्हते, आणि बुधवार तर तसाच राहत होता. जो विषय सोडणं सोयीचं, तोच जड असतो असं नाही.

दुसरी सूचना बाबांची, आणि ती अजूनही मला विचार करायला लावते. “बँड दोन आठवड्यांत संपतोय. चौदा तास मोकळे होतील. आत्ता का बदलायचं?” हा हट्टाचा मुद्दा नव्हता, हिशेबाचा होता. पण मुदत त्याआधी संपत होती. थांबून पाहण्याची सोय शाळेच्या नियमात नव्हती.

तिसरी आजीची, सांगलीहून फोनवर: “ते वाजवणं सोडून दे की गं.” ताई काही बोलली नाही. आईच म्हणाली, “तेवढंच तर आहे तिला हसताना बघायला मिळतं असं.” तो पर्याय तिथेच मिटला.

उरला अपुश. शाळेत त्याच तासाला त्याच विषयाची ऑनर्स पातळी होती. यूएस हिस्टरी न्यू जर्सीत सक्तीची, त्यामुळे विषय सुटत नव्हता, फक्त खोली आणि वेग बदलत होता. पहिल्या सत्राची ग्रेड नव्या वर्गात सोबत जाणार होती. आठ तासांचे अडीच-तीन होणार होते, आणि गुरुवारची वाचन-क्विझ जाणार होती.

अडचण एकच होती. इतिहास तिला सगळ्यात आवडायचा. पहिल्यांदाच मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं?” ती बराच वेळ वहीची पानं चाळत राहिली. मग म्हणाली, “आवडतो म्हणूनच. मी तो स्किम करतेय, मावशी. एवढं वाईट मी काहीच केलेलं नाहीये.”

बाबांनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “नक्की नाही, बाबा. पण तू फॉर्मवर सही कर.” त्यांनी केली.

निष्पत्ती

बदल सोमवारी झाला. चारच परीक्षा नोंदवल्या. बुधवारी झोपायला जायची वेळ पहिल्याच आठवड्यात एकवरून साडेअकरावर आली. आई सांगत होती की डिसेंबरमध्ये ताई एकदा विनाकारण भावाशी कॅरम खेळत बसली, तेव्हा तिला वाटलं, घर पुन्हा सुरू झालं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. केमिस्ट्रीची ग्रेड वर्षअखेर बीच राहिली. मेमध्ये कॅल्क्युलस बीसी आणि कॉम्प्युटर सायन्सला ५, लँगला ४, केमिस्ट्रीला ३. ऑनर्सच्या इतिहासात तिला ए मिळाला, पण पहिले दोन महिने ती वर्गात कंटाळत होती. ज्या मैत्रिणीने सहा घेतले होते तिचे सहाही चांगले गेले. हे ताईला टोचलं, आणि ते टोचणं खोटं ठरवायचा मी प्रयत्न केला नाही. त्या मैत्रिणीला बँड नव्हता, आणि प्रत्येक मुलीचा बुधवार वेगळा असतो.

बारावीत तिने तीन एपी घेतले: गव्हर्नमेंट, स्टॅटिस्टिक्स, मायक्रोइकॉनॉमिक्स. बँडमध्ये सेक्शन लीडर झाली. अर्जासोबत काउन्सेलर एक अहवाल पाठवते. त्यात शाळेत जे उपलब्ध होतं त्याच्या तुलनेत या मुलाने किती कस लागणारे कोर्स घेतले, यावर खूण असते. अकरावीत चारच एपी असूनही तिथे वरचीच खूण मिळाली. आता ती राज्याच्याच विद्यापीठात अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण शिकते. दोन एपींची क्रेडिट तिने वापरली.

वेगळं काय करता आलं असतं

वही ऑक्टोबरात नाही, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायला हवी होती. सप्टेंबरात ‘बॅक टू स्कूल नाइट’ला शिक्षक वर्षाचं वेळापत्रक पालकांच्या हातात देतात. लॅब रिपोर्ट गुरुवारी, क्विझ गुरुवारी, निबंध शुक्रवारी, हे सगळं त्या कागदांवर छापलेलं होतं. बँडचं कॅलेंडर फ्रिजवर चिकटवलेलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असतं तर बुधवार तिथेच दिसला असता, आणि शिक्षकांना विचारून एखादी मुदत सोमवारवर नेता आली असती. विनंती केली तर इथले बरेच शिक्षक ऐकतात. मी स्वतः ऐकते. पण ताईने कुणालाच विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे झेपत नाही हे कबूल करणं, असं तिला वाटत होतं. ती समजूत आम्ही मोठ्यांनीच करून दिली होती.

त्याच विषयाला गेल्या वर्षी बसलेल्या मुलांशी बोलायला हवं होतं. अपुशचं वाचन आठवड्याला किती पानं, हे बँडमधल्याच कुठल्याही बारावीच्या मुलाने एका वाक्यात सांगितलं असतं.

बाबांच्या मुद्द्याचं काय? बँड संपल्यावर चौदा तास खरंच मोकळे झाले. ताई अपुशमध्ये तगली असती का? कदाचित. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आताही म्हणते. नोव्हेंबरात आमच्यासमोर असलेल्या माहितीवर मी पुन्हा तोच निर्णय घेईन, पण तो एकमेव बरोबर निर्णय होता असं छातीठोकपणे म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट मला ताईनेच दाखवली, गेल्या थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा. भावाचा फॉर्म काही महिन्यांवर आला होता, म्हणून विषय निघाला. ती म्हणाली, “मावशी, इतिहास नव्हता सोडायचा. केमिस्ट्री घ्यायलाच नको होती. फेब्रुवारीतच फिजिक्स ऑनर्स घेतलं असतं तर बुधवारचा लॅब रिपोर्टच नसता.”

मी आठवून पाहिलं. तिला सायन्सकडे जायचं नव्हतं, हे ती दहावीतही सांगायची. वहीत केमिस्ट्रीचे साडेपाच तास आणि बी ग्रेड माझ्या डोळ्यासमोर होती. आम्ही कॉम्प्युटर सायन्स सोडायचा विचार केला, बँड सोडायचा केला, तिचा आवडता इतिहास खरोखर खाली आणला. केमिस्ट्रीचं नाव त्या टेबलावर एकदाही निघालं नाही. मी तो विषय शिकवते, म्हणून बाबांनी काढलं नाही. आणि मी शिकवते, म्हणून मलाही सुचलं नाही.